कोजागरीचा बांबू

माघातल्या एका दुपारी जेवून आडवा झालो होतो. बायको शेजारच्या खोलीत पेंगत होती. खिडकीबाहेर नवीन पनवेलच्या इमारती उन्हात डोळे मिटून उभ्या होत्या. आणि माझ्या पलंगाखाली कुणीतरी पापड खात होतं.

हळूहळू, चवीनं. कुर्र, कुर्र. मग जरा विसावा. मग पुन्हा कुर्र.

ते इतकं गोड वाटत होतं की मी उठलोच नाही. झोप आणि जाग यांच्या सीमेवर पडून राहिलो. आधी वाटलं, मी कुठल्यातरी माळावर आहे आणि जवळच एक गाय गवत खाते आहे. मग वाटलं, पाऊस पडतो आहे, पण फार लांब, दुसऱ्या कुणाच्या तरी गावात. असा अर्धा तास सहज गेला असेल. मग बायको आली, वाकून पलंगाखाली पाहिलं आणि म्हणाली, "अहो, तुमची टोपली पीठ दळतेय."

खरंच पीठ होतं. पिवळसर, मऊ, वस्त्रगाळ. मी टोपली उचलली तशी तिच्या विणीतून आणखी झरलं आणि उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात तरंगत राहिलं. दिसायला अतिशय सुंदर. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे, त्यामुळे बांबूला भुंगा लागला हे मला लगेच कळलं. आणि त्यापाठोपाठ हेही कळलं की असल्या सत्तरएक टोपल्या पनवेलभर लोकांच्या घरात आहेत, आणि या घटकेला बहुधा सगळ्याच जेवायला बसल्या आहेत.

प्रत्येक टोपलीला सुतळीनं एक कार्ड बांधलेलं होतं. कार्डावर एका बाईचा फोटो होता. त्या बाईचा यात काडीचा दोष नव्हता. दोष माझा होता. पण माझा फोटो कुणी छापला नव्हता.

*

या सगळ्याचं मूळ अमेरिकेत आहे, असं मी सुरुवातीला लोकांना सांगत असे. घोटाळ्याचं मूळ जितकं लांब दाखवता येईल तितकं बरं.

आमची मुलगी तिकडे ईशान्येकडच्या एका राज्यात असते. टोपल्या विकल्या त्या दिवाळीच्या आदल्या वर्षी डिसेंबरात आम्ही तिच्याकडे होतो. नाताळच्या आधी तिथल्या मूळच्या लोकांचा, वाबानाकी लोकांचा, हस्तकलेचा बाजार भरतो, तो दाखवायला ती आम्हाला घेऊन गेली. बाहेर गुडघाभर बर्फ. आत मोठ्या दालनात टेबलं मांडलेली, त्यांवर मण्यांचं काम, भूर्जाच्या सालीच्या डब्या, आणि टोपल्याच टोपल्या. सगळ्या दालनभर एका वाळलेल्या गवताचा वास होता. आपल्याकडच्या वाळ्याचा चुलतभाऊ शोभेल असा, पण जास्त गोड. ते गवत ते लोक टोपलीच्या काठाला वेणी घालून विणतात. त्या वासात मी जो शिरलो तो जवळजवळ बाहेर आलोच नाही.

एका टेबलामागे पांढऱ्या केसांची एक बाई बसली होती. मुलगी मध्ये दुभाष्यासारखी उभी. बाईनं सांगितलं की टोपलीची पट्टी कापून काढत नाहीत. झाडाचा ओंडका ठोकत राहायचं, ठोकत राहायचं, की त्याचं एकेका वर्षाचं कडं आपसूक सुटून येतं. म्हणजे माझ्या हातातल्या टोपलीत कुणीतरी दहा-बारा वर्षं एकमेकांत विणलेली होती! मी तर विरघळूनच गेलो. पुढे ती म्हणाली की अलीकडे एका भुंग्यानं ती झाडं पोखरायला घेतली आहेत, आणि झाडंच राहिली नाहीत तर काय विणायचं. मी मान डोलावली. पण मी ऐकत नव्हतो. माझं सगळं लक्ष टोपलीला बांधलेल्या कार्डाकडे होतं. कार्डावर तिचा फोटो होता, खाली तिची माहिती. केवढा मान, मला वाटलं. आपल्याकडे टोपली विणणाऱ्या बाईचा फोटो कोण छापतो?

कोण छापतो ते मी पनवेलला परत आल्यावर दाखवून दिलं.

*

आम्ही काही निवृत्त मंडळी सकाळी फिरायला एकत्र जातो. त्यांना मी ती बर्फातली गोष्ट इतक्या वेळा सांगितली की शेवटी कंटाळून ते म्हणाले, बरं, भरवू बाजार. दिवाळीच्या आधी तीन दिवस, एका शाळेच्या सभागृहात, आजूबाजूच्या आदिवासी वाड्यांमधल्या लोकांनी हातानं केलेल्या वस्तूंचा.

टोपल्यांसाठी कुणाकडे जायचं याचा मला विचारच करावा लागला नाही. जुन्या पनवेलच्या बाजारात, एका कायम बंद असलेल्या दुकानाच्या पायरीवर, एक कातकरी बाई सुपं-टोपल्या घेऊन बसायची. कर्नाळ्याच्या बाजूच्या एका वाडीतून यायची. पन्नाशी ओलांडलेली, सडपातळ, कोयत्याच्या पात्यासारखी. करंजाच्या कोळणी तिच्याकडून मासळीच्या पाट्या न्यायच्या. गव्हाण, उलवे इथल्या बायका लग्नाच्या दुरड्या तिच्याकडूनच करून घ्यायच्या. वाडीतली बाकीची घरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची ती पावसाळ्याच्या तोंडाशी परतायची. ही मात्र बरीच वर्षं भट्टीवर गेलेली नव्हती. तिचे हात तिला जाऊ देत नव्हते.

दसरा झाल्यावर मी आणि बायको तिच्याकडे गेलो.

"मावशी," मी म्हणालो, "दिवाळीआधी बाजार भरवतोय. शंभर टोपल्या लागतील."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मावशी कोन? तुमी माझ्या बापाच्या वयाचं दिसता."

बायकोला हसू आवरेना. मी एकसष्ट वर्षांचा होतो.

"पितरांच्या पंधरवड्यात तोडलेला बांबू हाय माझ्याकडं," ती म्हणाली. "काळोख्या पाखातला. ओढ्यात भिजवलेला. त्याच्यात पंचवीस-तीस नग निघतील. तेवढं घ्या."

"बाकीच्यांसाठी नवा तोडू की."

"आता चांदणा पाख हाय."

"मग?"

"चांदण्यात तोडत नाय."

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. पण मी तीस वर्षं शाळेत अंधश्रद्धा निर्मूलनाचे तक्ते लावलेला माणूस. शिवाय बाजाराच्या जाहिरातीत 'शंभर टोपल्या' असं मी आधीच छापून टाकलं होतं.

शिरढोणकडे एका मित्राची शेती आहे, तिथे बांबूचं बेट आहे. तो म्हणाला, हवा तेवढा घेऊन जा. आम्ही गेलो तो दिवस नेमका कोजागरीचा निघाला. दुपारी चार गडी लावून बांबू तोडला. काम संपेपर्यंत दिवस कलला होता, आणि बेटामागून चंद्र वर आला, एवढा मोठा, की कुणीतरी पितळी परात घासून टांगली आहे असं वाटावं. बांबूची पानं सळसळत होती. मित्राच्या घरून आटीव दूध आलं. त्या दुधात चंद्र पाहता पाहता मला वाटलं, आपण काय सुंदर काम करतो आहोत! आजही ती संध्याकाळ आठवली की अंगावर काटा येतो. आधी सौंदर्यानं, मग दुसऱ्या कारणानं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून बांबू वाडीवर नेला. ती बाहेर आली. एका बांबूच्या तोडलेल्या टोकावर अंगठा फिरवला, तो चाटून पाहिला आणि म्हणाली, "गोड हाय."

"छानच की!"

"गोड असंल ते किडा खातो, मास्तर. आनी हा कोवळा हाय. वर्षाचा पन नाय."

मग मी व्याख्यान दिलं. वाडीतल्या आठ-दहा बायका जमल्या होत्या, त्यांच्यासमोर. चंद्र आपल्यापासून तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर लांब आहे, एवढ्या लांबून तो बांबूचं काय करणार, वगैरे. हातवारे करून.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "एवढ्या लांबून समिंदर वर काढतो ना पन?"

"ते गुरुत्वाकर्षण."

"मंग बांबूत पानी नसतं?"

बायका खिदळल्या. मी भरती-ओहोटी आणि वनस्पतीतला रस यांतला फरक समजावून सांगायला लागलो. तो मला स्वतःलाच पुरता माहीत नव्हता, म्हणून आवाज जरा चढवला. वर्गात हे नेहमी चालून जायचं.

ती शेवटी तयार झाली. माझ्या विज्ञानानं नव्हे. मी म्हणालो, भिजवायला वेळ नाही, लोकांना शब्द दिला आहे. वाडीतल्या बायकाही म्हणाल्या, काम हाताशी आलंय तर करू. मग तिनं एकच अट घातली.

"इनून देते. पन माझ्या हातचं म्हनून नका सांगू कुनाला."

मी मान डोलावली. मला वाटलं, विनय आहे. खेड्यातली माणसं किती विनयशील असतात, असं मी घरी जाऊन बायकोला सांगितलंसुद्धा. आणि संध्याकाळी कार्डं छापायला टाकली. तिचा फोटो मी पायरीवर बसलेली असताना आधीच काढला होता, तिला न विचारता. चांगला आला होता.

*

बाजार मात्र मी स्वप्नात पाहिला होता तसाच झाला.

सभागृहाच्या छताला आकाशकंदील लावले होते. दारातून आत आलं की पहिल्यांदा ओल्या बांबूचा वास यायचा, मग मधाचा, मग उटण्याचा. एका कोपऱ्यात पावसात पांघरायची पानांची इरली टांगलेली. मासे पकडायच्या निमुळत्या टोपल्या एकावर एक रचलेल्या. लोक येत होते, हळू आवाजात बोलत होते, वस्तू दोन्ही हातांनी उचलून बघत होते. मी मधल्या टेबलामागे उभा होतो. समोर सत्तर नव्या टोपल्या, हिरवट पिवळ्या, पिकायला आलेल्या पपयांसारख्या. प्रत्येकीला कार्ड. ती दारापाशी तिच्या स्वतःच्या पंचवीस-तीस नगांबरोबर बसली होती. गर्दीमुळे तिला माझं टेबल दिसत नव्हतं.

गव्हाणची एक म्हातारी आली. काष्टा घातलेली, कानात सोन्याच्या कुड्या, आवाज खाडीच्या पलीकडे जाईल असा. तिनं कार्डावरचा फोटो डोळ्यांजवळ नेला.

"ही आपली पायरीवाली ना? हिच्या हातचं हाय?"

"हो, तिच्याच हातचं!" मी म्हणालो.

"मंग बघायलाच नको," असं म्हणून तिनं न बघता पाच टोपल्या उचलल्या. वीस वर्षं ती त्या हातचं घेत होती. लेकींना एकेक द्यायची म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारापाशी बसलेली पायरीवाली उठून माझ्या टेबलाशी आली. टोपल्या आठ-दहाच उरल्या होत्या. तिला वाचता येत नव्हतं, पण स्वतःचा चेहरा ओळखू येतो.

"मास्तर, हा फोटो कुनाचा?"

"तुमचाच! कसा आलाय?"

"मी काय बोलले होते?"

मी हसत होतो. तेव्हाही. उरलेल्या टोपल्यांची कार्डं तिनं एकेक करून सोडवली, नीट एकावर एक ठेवली, माझ्या हातात दिली, आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. मला वाटलं, लाजली.

*

माझ्या पलंगाखाली पीठ पडलं त्याच आठवड्यात बाजाराच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो यायला लागले. देवघरात पीठ. फळांवर पीठ. कुणाच्या तरी बाळाच्या दुपट्यावर पीठ. एकानं तर नुसता आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवला होता. मी तो दोनदा ऐकला. त्यांची टोपली आमच्यापेक्षा जरा वरच्या पट्टीत खात होती.

त्या वेळी खरं सांगून टाकायला हवं होतं. मी काय लिहिलं? 'नैसर्गिक वस्तूंचं हे वैशिष्ट्य असतं. कृपया ऊन दाखवावं.' त्यावर एका बाईंनी लिहिलं, 'त्या फोटोतल्या बाईंना सांगा, फसवू नका म्हणावं.' खाली अकरा अंगठे.

ते वाचून मात्र मी चपला घातल्या आणि जुन्या बाजारात गेलो. पायरी रिकामी होती. शेजारी सुकट विकणाऱ्या कोळणीला विचारलं.

"ती? रथसप्तमीपासनं नाय. कोन घेनार तिचं? माझ्या जावेनं घेतली व्हती तुमच्या बाजारातनं, सगली सुकट पिठात घोलली. गिऱ्हाईक आलं की टोपली बघायच्या आधी हिलाच बघतंय, असं किती दिवस बसनार?"

वाडीवर गेलो. तिच्या दाराला काटी लावलेली होती. मागे राहिलेल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, ती भट्टीवर गेली.

तिथून भट्टी फार लांब नव्हती. दुपारची वेळ. विटांच्या रांगांवर हवा थरथरत होती, आणि त्या थरथरीपलीकडे माणसं पाण्याखाली चालावीत तशी चालत होती. बराच वेळ मला त्यांतली ती कोणती हे ओळखताच आलं नाही. सगळी एकाच रंगाची झाली होती. मग एक आकृती थांबली, डोक्यावरची विटांची फळी खाली ठेवली आणि माझ्याकडे आली. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते.

मी पाठ करून आलो होतो. माफी मागितली, चूक माझी होती म्हणालो, सगळं म्हणालो.

"माफी घेऊन मी काय करू?" ती म्हणाली. "माझ्या गिऱ्हाइकांना सांगा."

"सांगतो. एक सविस्तर पत्रक काढतो. कोवळ्या बांबूत पिष्टमय पदार्थ—"

"तोंडानं सांगा. पुन्हा काय छापू नका."

"काय सांगू?"

"झालं ते. बांबू चांदण्यात तोडला. कोवळा तोडला. भिजवला नाय. ती नको बोलत होती. मास्तरांनी तोडला." तिनं एकेक बोट दुमडत पाच वाक्यं मोजली. "आनी त्या टोपल्या गोळा करून जाळा. नायतर त्यांच्या घरातलं दुसरं लाकूड पन खाईल."

फळी डोक्यावर घेताना ती म्हणाली, "दिवाळीपातूर लोकांना कळलं तर मी बसेन पायरीवर. नाय कळलं, तर पुढच्या साली पन हितंच."

*

फाल्गुन, चैत्र मी दारोदार हिंडलो. बेल वाजवायची, पाच वाक्यं म्हणायची, टोपली मागायची. सुरुवातीला सहावं वाक्य जोडायचा मोह व्हायचा, 'अर्थात चंद्राचा संबंध अजून सिद्ध झालेला नाही' वगैरे. पण समोरच्याच्या चेहऱ्यावर लगेच पुन्हा संशय दिसायचा. मग ते वाक्य सोडून दिलं. बायको बरोबर असायची. मी चौथं वाक्य गिळायला लागलो की ती पाठीमागून म्हणायची, "ती नको म्हणत होती, ते राहिलं."

खरं सांगायचं तर गुन्हेगार कोण ते मला अजून कळलेलं नाही. कोवळेपण, न भिजवणं, की चांदणं? तिच्या लेखी ती तीन नव्हतीच, एकच होतं: घाई.

गव्हाणला म्हातारीच्या ओट्यावर गेलो तो दिवस विसरणार नाही. तिनं ऐकून घेतलं, मग शेजारणीला हाक मारली. "ए, हिकडं ये गो! मास्तर, पुन्यांदा सांगा."

सांगितलं. तोवर सून आली. "हिनं नाय ऐकलं. पयल्यापासनं."

चार वेळा सांगितलं. चौथ्यांदा ओट्यावर बारा बायका होत्या आणि मला वाटतं मी बऱ्यापैकी रंगवूनही सांगायला लागलो होतो, कारण कोजागरीचं आटीव दूध आलं तिथे त्या टाळ्या देऊन हसल्या.

"तीस वरसं पोरांना शिकवलात?" म्हातारीनं विचारलं.

"हो."

"पोरं पास झाली?"

"बहुतेक."

"नशीब त्यांचं." मग ती एकाएकी गंभीर झाली. "पन मास्तर, हात तर तिचा व्हता. तिला ठावं व्हतं, तर इनलं कशाला तिनं?"

"मी शब्द दिला होता लोकांना. तिच्या जिवावर."

म्हातारीनं लेकींकडून परत मागवलेल्या पाचही टोपल्या आणून माझ्यासमोर ठेवल्या. "नेऊन जाला," ती म्हणाली. "तिचं काय ते मी दिवालीला बघीन."

*

पुढच्या बाजाराला मी कुठल्याही टेबलामागे उभा नव्हतो. मला चहा आणायचं काम दिलं होतं, आणि ते मी चांगलं करत होतो.

पावसाआधी ती भट्टीवरून परत आली होती. पितरांच्या पंधरवड्यात जून बांबू स्वतः निवडून तोडला, ओढ्याच्या डोहात दगडाखाली बुडवून ठेवला, आणि भिजून निघेल तेवढ्याच वस्तू केल्या. चाळीस. कार्ड नाही, काही नाही. शेजारच्या टेबलांवर गर्दी होती. तिच्यापुढे लोक येत, थांबत, आणि मग एक विलक्षण गोष्ट करत: टोपली उचलून कानाला लावत.

मी चहाचा ट्रे घेऊन उभा राहिलो. कंदिलांच्या रंगीत उजेडात माणसं टोपल्या कानाशी धरून, डोळे बारीक करून उभी होती, समुद्रावर मुलं शंख धरतात तशी. ती टोपली कानाशी असेपर्यंत कुणी बोलत नव्हतं, आणि शेजारचेही आपोआप हळू बोलायला लागले होते. मला वाटलं, सगळं पनवेल श्वास धरून उभं आहे. मग माणूस टोपली खाली ठेवायचा, 'छान आहे' म्हणायचा आणि पुढे जायचा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिची फक्त सहा सुपं गेली होती.

ती मांडीवर हात ठेवून बसली होती. तळहातांवर भट्टीचा लाल रंग अजून रेषांमध्ये राहिलेला होता.

म्हातारी आली ती शेवटच्या संध्याकाळी. आवाज आधी, ती मागून. "मास्तर, आज चा देताव? बरं हाय, त्याला किडा लागत नाय!" आणि सरळ तिच्यापुढे जाऊन उकिडवी बसली.

"का गो, इनलंस कशाला तवा?"

"चुकले," ती म्हणाली. मी मधे बोलायला गेलो तर तिनं हात वर करून मला थांबवलं. "त्यांनी तोडलं, ही त्यांची चूक. मी इनलं, ही माझी. हा बांबू मी तोडलाय."

म्हातारीनं एक दुरडी उचलली. बोटांनी काठ दाबला. कानाला लावली आणि डोळे मिटले. इतका वेळ, की मला वाटलं तिला डुलकी लागली.

"नातीचं लगीन हाय माघात," ती डोळे न उघडता म्हणाली. "ही एक नेते. उशाशी ठेवते. तुलशीच्या लग्नापातूर आयकते."

"आयका," पायरीवाली म्हणाली.

*

वाडीवर भट्टीचा ट्रक तुळशीचं लग्न आटोपलं की येतो. त्रिपुरी पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी सकाळी मी गेलो, तेव्हा तो उभाच होता. भांडी, गोधड्या, कोंबड्यांची टोपली वर चढत होती. खाली धुकं होतं. ट्रकचा वरचा भाग तेवढा दिसत होता आणि त्यात बसलेली माणसं ढगावर बसल्यासारखी. मी चेहरे बघत एक फेरी मारली. दुसरी मारली. तिच्या दाराला काटी लावलेली होती. मग मी वर कुणाला तरी विचारलं.

"ती? ओढ्यावर हाय."

ओढ्यापर्यंत मी जवळजवळ पळत गेलो, आणि माझ्या वयाला ते शोभत नाही. ती गुडघाभर पाण्यात उभी होती. काठावर ताज्या तोडलेल्या बांबूचा ढीग.

"गव्हानवाली परवा आली होती," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "एकवीस दुरड्या बोलली. आनी तिच्या जावेच्या सात."

"म्हणजे तुम्ही भट्टीवर—"

"धरा."

बांबूचं एक टोक तिनं माझ्या हातात दिलं. मी चपलांसकट पाण्यात उतरलो. पाणी इतकं गार होतं की बांबूचं टोक सुटता सुटता राहिलं. वर रस्त्याला ट्रक सुरू झाला, धुक्यातून त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग ओढ्याचाच तेवढा आला. आम्ही बांबू आडवा केला आणि खाली दाबला. तो वर येऊ बघत होता. पोकळ वस्तूला बुडवणं सोपं नसतं.

"जोर लावा की," ती म्हणाली.

बांबूच्या आतून बुडबुडे येत होते, एकामागून एक, सावकाश. ते थांबेपर्यंत आम्ही तसेच वाकून उभे राहिलो. मग तिनं वर दगड ठेवला आणि पुढचा बांबू ओढला.